डीएमएलटीला घालण्यापूर्वीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंती, चौकातले विजेचे खांब आणि वर्तमानपत्रातून पडणारी पत्रके एकाच सुरात बोलू लागतात. पॅरामेडिकल कोर्सला प्रवेश सुरू, मर्यादित जागा, शंभर टक्के नोकरीची हमी. ज्या घरात मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचे मनात होते, पण ‘नीट’चे गुण पुरले नाहीत, त्या घराला हे पत्रक आशेचा किरण वाटते. बी.एस्सी. करून पुढे काय, हा प्रश्न आधीपासून असतोच. दोन वर्षांत हाती काहीतरी पडेल, पांढरा कोट घालून दवाखान्यात नोकरी लागेल, असा विचार करून आईवडील खिशाकडे पाहतात. खिसा पुरत नसेल तर सोसायटी, बँक, आईच्या बांगड्या असा प्रवास सुरू होतो.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. नवी मुले-मुली हाताखाली शिकली, काही उत्तम तयार झाली, काही वर्षभरात हे क्षेत्र सोडून गेली. त्यामुळे पालक मला विचारतात, "मॅडम, डीएमएलटीला घालावं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. उत्तर हिशेबात आहे. तो हिशेब कसा मांडायचा, एवढेच आज सांगते. डीएमएलटी हे उदाहरण. एक्स-रे तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ यांनाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

आधी काम समजून घ्या

डीएमएलटी म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, रक्त काढायचे आणि मशीनमध्ये घालायचे, रिपोर्ट मशीनच देते. आता मशीन पुष्कळ करते हे खरे. एका मिनिटात रक्तपेशी मोजणारी यंत्रे तालुक्याच्या गावीही आली आहेत. पण मशीन फक्त तिच्यात घातलेल्या रक्ताबद्दल सांगते. ते रक्त नीट घेतले होते की नाही, हे तिला कळत नाही.

दोन-तीन उदाहरणे देते. साखर तपासायचे रक्त राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण तिच्यात फ्लोराइड असते. साध्या ट्यूबमध्ये घेऊन ती दोन तास तशीच ठेवली, तर रक्तपेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि रिपोर्टमध्ये साखर कमी दिसते. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते, तेव्हा प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचतो. काही वेळा जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या द्रव्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात. मशीन त्या गोळ्यांना मोजत नाही आणि आकडा भीती वाटावी इतका कमी येतो. चांगला तंत्रज्ञ अशा वेळी काचेवर रक्ताचा थर ओढतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. गोळे दिसले तर डॉक्टरांना तसे सांगतो. त्या पाच-दहा मिनिटांच्या कामामुळे रुग्णाची धावपळ वाचते, नको असलेली प्लेटलेटची पिशवी वाचते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की या कामाचा पगार शेवटी या कौशल्यावर वाढतो. ते कौशल्य पुस्तकातून येत नाही, ते हाताला लागते. हाताला लागायला नमुने लागतात, पुष्कळ नमुने लागतात. म्हणजेच आपण फी भरतो ती प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर नमुने हाताळायला मिळण्यासाठी. ही गोष्ट मनात पक्की धरली की पुढचे सगळे सोपे होते.

कागद खरा आहे का?

हिशेबातली पहिली ओळ पैशाची नाही, मान्यतेची आहे. कारण कागदच खोटा किंवा अपुरा असेल, तर पुढच्या सगळ्या आकड्यांना शून्याने गुणले असे समजा.

या क्षेत्रासाठी संसदेने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यापूर्वी डॉक्टरांना, परिचारिकांना, औषधनिर्मात्यांना देशपातळीवर परिषदा होत्या, पण प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ वगैरेंना तशी एक छत्री नव्हती. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा कायदा २०११ चा आहे. केंद्राच्या कायद्यात ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचे, याची व्याख्या दिलेली आहे. त्यासाठीची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची हवी आणि ते तास दोन ते चार वर्षांत, सत्रांमध्ये विभागलेले हवेत.

हा २,००० चा आकडा लक्षात ठेवा. तो पालकांच्या हातातली तागडी आहे. रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर महिन्याचे १५० तास होतात. सहा महिन्यांच्या कोर्सचे झाले ९००. फक्त शनिवार-रविवार भरणारा वर्ग असेल, तर वर्षातले १०४ दिवस आणि रोजचे सहा तास मिळून ६२४ तास. दोन वर्षांचे १,२४८. म्हणजे दोन वर्षे पुरी करूनही २,००० चा काटा गाठला जात नाही. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. रक्त काढायला, नमुने गोळा करायला अशी माणसे ठेवली जातात. पण सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला दोन वर्षांच्या पदविकेची किंमत मोजू नका आणि पदविकेची नोकरी मिळेल अशी आशाही धरू नका.

दुसरी गोष्ट पत्राने शिकण्याची. घरी बसून डीएमएलटी, ही जाहिरात आपण सर्वांनीच पाहिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली या कायद्याच्या कक्षेत येणारे आरोग्याचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला विद्यापीठांना मनाई केली. आणि नियमाचे सोडा, शीर शोधायला पोस्टाने कसे शिकणार?

तेव्हा संस्थेत गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारा. हा कोर्स कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, त्याच्या मान्यतेचे पत्र दाखवा. चालू वर्षाचे दाखवा. दुसरा प्रश्न, हा कोर्स झाल्यावर राज्याच्या परिषदेत नोंदणी होते का, आणि मागच्या तुकडीतल्या कोणाची झाली आहे का. संस्थेच्या नावात ‘नॅशनल’, ‘इंडियन’, ‘कौन्सिल’ असे भारदस्त शब्द असले म्हणजे ती सरकारी होत नाही. सोसायटी किंवा कंपनी म्हणून नोंदणी असणे म्हणजे अभ्यासक्रमाला मान्यता असणे नव्हे. काउंटरवरची व्यक्ती "काही काळजी करू नका" म्हणाली, तर नम्रपणे सांगा, "काळजी नाही, पण झेरॉक्स द्या."

खर्चाची पूर्ण बाजू

आता पैशाकडे येऊ. बहुतेक घरांत खर्च म्हणजे फी, एवढेच धरले जाते. मी एक उदाहरण घेते. यातले सगळे आकडे ‘समजा’ म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या संस्थेचे आकडे तुम्ही त्या जागी घाला. पद्धत तीच ठेवा.

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी पुण्यात खासगी संस्थेत दोन वर्षांच्या पदविकेला गेली. फी वर्षाला ६०,००० रुपये, दोन वर्षांची १,२०,०००. खोलीचे भाडे तिच्या वाट्याला महिना ३,५००, बावीस महिन्यांचे ७७,०००. मेसचे महिना ३,०००. पण मुलगी घरी असती तरी जेवलीच असती, म्हणून घरचा १,५०० रुपयांचा खर्च वजा करून जादाचे तेवढे १,५०० धरू. बावीस महिन्यांचे ३३,०००. पुस्तके, कोट, जर्नल, परीक्षा शुल्क, दिवाळी आणि उन्हाळ्याला गावी जाणे-येणे यांचे मिळून २०,०००. एकूण झाले २,५०,००० रुपये. फी १,२०,००० आणि खर्च २,५०,०००! फीच्या दुप्पट रक्कम लागली.

पण अजून एक ओळ राहिली आहे आणि ती कोणी लिहीत नाही. ही मुलगी शिकायला गेली नसती तर काय केले असते? समजा, तालुक्याच्या गावात औषधाच्या दुकानात महिना ७,००० वर लागली असती. दोन वर्षांचे ते १,६८,००० रुपये बुडाले. खिशातून गेले नाहीत, पण खिशात आलेही नाहीत. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रान पडीक ठेवले तर बियाण्याचा खर्च वाचतो, पण पीकही जाते. तेव्हा खरी किंमत २,५०,००० अधिक १,६८,०००, म्हणजे ४,१८,००० रुपये.

कर्ज काढले असेल तर व्याजही आले. शैक्षणिक कर्जात सर्वसाधारणपणे शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. लोक समजतात, या काळात व्याजही नाही. तसे नसते. या काळात सरळव्याज चढत असते. २,५०,००० चे कर्ज, अर्धे पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि अर्धे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले आणि व्याज दर साल दर शेकडा दहा धरले, तर हप्ते सुरू होईपर्यंत ६२,५०० रुपये व्याज होते. फेडायची रक्कम ३,१२,५००. पाच वर्षांत फेडायची म्हटली तर महिन्याचा हप्ता ६,६०० च्या पुढे जातो. नोकरी १२,००० ची लागली तर निम्म्याहून जास्त पगार बँकेत. शिकत असतानाच व्याज दरमहा भरत गेलात, तर हप्ता ५,३०० च्या आसपास येतो. पहिल्या वर्षी महिना हजार-अकराशे आणि दुसऱ्या वर्षी दोन हजारांच्या थोडे वर, एवढीच ही रक्कम आहे. शक्य असेल तर ती भरावी.

कमाईची बाजू

कमाई म्हणजे पगार, असे आपण धरतो. तेही पुरेसे नाही. कमाई म्हणजे शिकल्यामुळे जास्त मिळालेला पैसा. आपल्या उदाहरणातली मुलगी शिकली नसती, तर दोन वर्षांनी दुकानात ८,५०० पर्यंत पोचली असती. पदविका घेऊन ती तालुक्याच्या लॅबमध्ये घरी राहून १२,००० वर लागली. शिक्षणाने मिळवून दिले महिना ३,५००, वर्षाचे ४२,०००. चार लाख अठरा हजारांना बेचाळीस हजारांनी भागा. जवळजवळ दहा वर्षे!

"मग पुण्यातच नोकरी बघू, तिथे १८,००० मिळतात," असे कोणी म्हणेल. बघू या. पुण्यात राहायचे म्हणजे खोलीचे ३,५००, जेवणाचे जादा १,५००, बसचे १,०००. हे ६,००० गेले, राहिले १२,०००. म्हणजे पुण्यातले अठरा आणि घरचे बारा सारखेच. पगाराचा आकडा नातेवाइकांत सांगायला बरा, पण हातात उरतो तो आकडा वेगळा. शहरात अनुभव चांगला मिळतो, मोठी यंत्रे हाताळायला मिळतात, ही गोष्ट खरी आहे आणि तिला किंमत आहे. पण शहरात जायचे ते या कारणासाठी, केवळ आकड्यासाठी नव्हे.

आता याच हिशेबात दोन बदल करून पाहू. पहिला बदल, जवळच्या सरकारी किंवा अनुदानित संस्थेत प्रवेश मिळाला, फी वर्षाला १०,०००. मुलगी घरून एसटीने ये-जा करते, पास आणि रिक्षाचे महिना १,०००. दोन वर्षांची फी २०,०००, प्रवासाचे २२,०००, बाकी १८,०००. एकूण ६०,०००. त्यात बुडालेले १,६८,००० मिळवले की २,२८,०००. त्याच ४२,००० ने भागले तर साडेपाच वर्षांच्या आत फिटते.

दुसरा बदल, पगार वाढला. समजा, दोन वर्षांच्या अनुभवानंतर तिला घरीच राहून २०,००० मिळू लागले, आणि दुकानातला पगार तोवर ११,००० झाला असता. फरक महिना ९,०००, वर्षाला १,०८,०००. मग खासगी संस्थेतल्या शिक्षणाचे ४,१८,००० सुद्धा पाच वर्षांच्या थोडे पुढे फिटतात, आणि सरकारी संस्थेतले सव्वातीन-साडेतीन वर्षांत.

या चार उत्तरांकडे एकत्र पाहिले की दोन गोष्टी ठसठशीत दिसतात. फी आणि राहण्याचा खर्च कमी करणे आपल्या हातात आहे आणि त्याचा परिणाम लगेच होतो. दुसरी, पहिल्या पगारापेक्षा तिसऱ्या वर्षीचा पगार महत्त्वाचा. पहिला पगार कमी असला तरी चालेल, तो तिथेच अडकून राहिला तर नुकसान आहे.

पगार कुठे अडतो, कुठे वाढतो

पगार अडतो तो मुख्यतः गर्दीमुळे. रक्त काढणे आणि मशीनचे बटण दाबणे एवढेच येणारी मुले भरपूर आहेत. लॅबमालकाला एक गेला तर दुसरा मिळतो. ज्याला काचेवर हिवतापाचे जंतू ओळखता येतात, ज्याला रोज सकाळी मशीनचे कंट्रोल लावून आकडे बरोबर येतात की नाही हे तपासता येते, ज्याला रक्तपेढीत गट जुळवणीचे काम बिनचूक करता येते, त्याला सहज कोणी सोडत नाही.

सरकारी नोकरी हे अनेकांचे स्वप्न. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात पाचव्या स्तराचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये आणि सहाव्या स्तराचे ३५,४०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. खासगी लॅबच्या मानाने हा पगार चांगलाच. पण जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट. शिवाय काही जाहिरातींत विज्ञान शाखेची पदवी मागितलेली असते, नुसती पदविका चालत नाही. म्हणून जुन्या दोन-तीन जाहिराती मिळवून त्यातली पात्रता आधीच वाचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागाही निघतात. तिथे अनुभव उत्तम मिळतो, पण करार मुदतीचा असतो. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, प्रयोगशाळांना माणसांची केवढी गरज पडली हे आपण पाहिले. साथ ओसरली तशा पुष्कळ तात्पुरत्या नेमणुका संपल्या, हेही पाहिले. हिशेब सरकारी पगारावर मांडू नका. खासगी पगारावर मांडा, सरकारी नोकरी लागली तर तो बोनस समजा.

स्वतःची लॅब काढण्याचे स्वप्नही दाखवले जाते. दोन वर्षांचा कोर्स करा आणि मालक व्हा! इथे कायद्याची एक भिंत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञ तपासणी करू शकतो, स्वतःच्या सहीने रिपोर्ट देऊ शकत नाही. त्यामुळे लॅब काढायची तर पॅथॉलॉजिस्टची प्रत्यक्ष साथ आणि तिचा खर्च हिशेबात धरावाच लागेल. कोणाची तरी सही महिन्याच्या भाड्याने घेऊन चालणाऱ्या दुकानात आपल्या मुलाने पाऊल ठेवू नये. उद्या काही झाले तर पहिली गाठ तिथे बसणाऱ्याशी पडते.

आखाती देशांचे आकर्षण आहेच. तिथे सहसा पदवी, काही वर्षांचा अनुभव आणि परवान्याची परीक्षा यांची विचारणा होते. शिकल्याबरोबर विमान, असे होत नाही. पदविकेनंतर पदवीला जायचा मार्ग उघडा आहे का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा परावैद्यक पदवीचा अभ्यासक्रम वैद्यकीय महाविद्यालयांतून चालतो. ज्याला बारावीला बरे गुण आहेत, त्याने पदविकेची फी भरण्यापूर्वी या पदवीचा प्रवेश मिळतो का हे अवश्य पाहावे. वर्षे जास्त लागतात, पण पुढची दारे जास्त उघडतात.

कमाईच्या बाजूला दोन गोष्टी वजाही कराव्या लागतात. एक, रात्रपाळी. मुलगी रात्री दोन वाजता घरी कशी येणार, की सकाळपर्यंत थांबायची सोय आहे, हे विचारून घ्या. दुसरी, सुई टोचण्याचा धोका. हिपॅटायटिस ‘बी’ची लस काम सुरू करण्याआधी सुरू झाली पाहिजे. तिचे तीन डोस असतात, पहिला, एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. जी संस्था पहिल्याच महिन्यात लशीबद्दल विचारते, ती आपल्या विद्यार्थ्यांना खरोखर वॉर्डात पाठवते, असा माझा अंदाज असतो. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो.

खर्च कमी कसा होईल?

फी भरण्याआधी सवलती तपासा. राखीव प्रवर्गांसाठी आणि उत्पन्नाच्या मर्यादेतल्या कुटुंबांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’वर भरतात. मुलींसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. पण त्यासाठी कोर्स मान्यताप्राप्त हवा आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून नव्हे. पुन्हा गाडी मान्यतेपाशी येते. ज्या संस्थेचा विद्यार्थी शिष्यवृत्तीला पात्रच ठरत नाही, तिथे का ठरत नाही, हे विचारायला लाजू नका.

शिकाऊ उमेदवारीचाही मार्ग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ हा एक व्यवसाय आहे. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातींत तो दिसतो. इथे फी भरायची नसते, उलट विद्यावेतन मिळते. जागा मोजक्याच, पण अर्ज करायला काय हरकत आहे?

एक दिवस काढा

आता शेवटचे. पैसे भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन एक दिवस काढा. सकाळी संस्थेच्या वर्गात नको, ज्या रुग्णालयाशी ती संस्था जोडलेली आहे म्हणून सांगतात, तिथल्या प्रयोगशाळेत जा. दिवसाला किती नमुने येतात आणि किती विद्यार्थी असतात, विचारा. चाळीस नमुने आणि साठ विद्यार्थी असतील, तर तुमच्या मुलाच्या हाताला काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. दुपारी आपल्या तालुक्यातल्या तीन लॅबमध्ये जा. मालकाला विचारू नका, तिथे काम करणाऱ्याला विचारा. सुरुवातीला किती मिळाले, तीन वर्षांनी किती मिळतात, कोणत्या संस्थेची मुले कामाला चांगली असतात. मागच्या तुकडीतली दोन मुले शोधून त्यांच्याशी बोला. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नका आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

आणि एक गोष्ट मुलालाच विचारा. दिवसभर दुसऱ्याच्या रक्ताला, थुंकीला, लघवीला हात लावायची तयारी आहे का? रडणाऱ्या लहान मुलाची शीर शोधताना हात स्थिर राहील का? ज्याला हे काम मनापासून आवडते, तो शिकत राहतो, त्याचा पगार वाढत जातो आणि वर मांडलेला हिशेब त्याच्या बाजूने झुकतो. केवळ जागा मिळाली म्हणून आलेला दोन-तीन वर्षांत कंटाळतो, आणि मग पैसे परत येण्याचा प्रश्नच राहत नाही.

रात्री घरी आल्यावर वहीचे एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला खर्च, बुडालेली कमाई आणि व्याज लिहा. उजव्या बाजूला तीन लॅबमध्ये ऐकलेले पगार लिहा, त्यातून शिकला नसता तर मिळाले असते ते वजा करा. पाच-सहा वर्षांत दोन्ही बाजू जुळत असतील, कागदपत्रे पक्की असतील आणि मुलाचा ओढा असेल, तर खुशाल घाला. हे चांगले, मानाचे आणि गरजेचे काम आहे. जुळत नसतील तर एक वर्ष थांबलात तरी काही बिघडत नाही. पत्रकावर ‘मर्यादित जागा’ असे लिहिलेले असते, पण त्या जागा पुढच्या जूनमध्येही असतात.